धुक्यात अप्पर लाइट नको

डिसेंबर-जानेवारीत पवनारला धामच्या काठी, हिंगणघाटला वेणेच्या काठी पहाटे दाट धुके उतरते. आपल्या वस्त्यांतली माणसे याच वेळी दुचाकीने कामाला निघतात, कुणी जिनिंगमध्ये, कुणी बांधकामावर, कुणी भाजीची पोती घेऊन बाजाराला.

समोरचे दिसेना की हात आपोआप अप्पर लाइटकडे जातो. पण धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. वरचा झोत त्यांच्यावर आदळून आपल्याच डोळ्यांत परततो आणि पुढे पांढरी भिंत उभी राहते. लाइट डिपरवरच ठेवावा.

वेगाचा हिशोबही करून पाहू. ताशी 40 च्या वेगात गाडी सेकंदाला 11 मीटर पुढे जाते. काही दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सरतो. थांबायला पुन्हा जवळजवळ तेवढेच अंतर लागते, रस्ता दहिवराने ओला असेल तर त्याहून जास्त. वीस पावलांपलीकडचे दिसत नसेल तर ताशी 20 पुरे. त्यात हे दिवस कापसाचे. बाजाराकडे निघालेल्या कितीतरी बंड्यांना, ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. घरी बंडी असेल तर मागच्या फळीवर लाल रेडियम पट्टी आजच चिकटवा.

थंडीने बोटे बधिर झाली की ब्रेक उशिरा दाबला जातो, म्हणून हातमोजे हवेत. स्वेटरच्या आत वर्तमानपत्राची घडी घालायची जुनी युक्तीही आम्हाला पटते, वारा अडतो. मफलर गुंडाळला की हेल्मेट बसत नाही, म्हणून ते घरीच ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यापेक्षा पातळ कानटोपी घालून वर हेल्मेट घालावे. चार वर्षांवरच्या लेकरालाही ते कायद्याने लागते. मागे बसणाऱ्या बाईने शालीची, पदराची टोके खोचून घ्यावीत.

रात्रीचे भय वेगळे. जानेवारी 2022 मध्ये सेलसुऱ्याजवळ रात्री गाडी पुलावरून कोसळून सात वैद्यकीय विद्यार्थी गेले. लग्नाहून उशीर झाला तर पाहुण्यांकडे मुक्काम केलेला बरा.

अपघात दिसला तर पोलिसांच्या भीतीने पुढे निघून जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134-अ नुसार मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. 108 ला फोन करा, वाहणाऱ्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरा. जखमीला पाणी पाजू नका, आणि श्वास नीट चालू असेल तर त्याचे हेल्मेट ओढून काढू नका. मानेला इजा असू शकते.