भुशापासून तेल : बुरशीचे साहाय्य आणि त्याचा हिशेब

1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वीजनिर्मितीच्या धोरणाचा पाया घातला. स्वस्त व मुबलक ऊर्जेवाचून औद्योगिक प्रगती नाही आणि तिच्यावाचून दारिद्र्य हटणार नाही, ही त्यांची भूमिका होती. त्या दृष्टीने लाकडाच्या वखारीतील भुसा, ढलप्या आणि साली यांकडेही पाहावयास हवे.

कोरडा भुसा प्राणवायूविना सुमारे 500 अंश सेल्सिअसपर्यंत झटकन तापवून निघणारी वाफ तत्काळ थंड केली, तर गडद तपकिरी जैवतेल मिळते. अनुकूल परिस्थितीत त्याचे प्रमाण लाकडाच्या वजनाच्या 75 टक्क्यांपर्यंत जाते. उरतात कोळसा आणि वायू. मात्र हे तेल आम्लधर्मी असते, त्यात साधारण 15 ते 30 टक्के पाणी असते आणि त्याची उष्णता खनिज इंधनतेलाच्या निम्म्याहून कमी भरते.

लाकडात सेल्युलोज व हेमिसेल्युलोज या शर्करांच्या साखळ्या असतात. लिग्निन त्यांना घट्ट बांधून ठेवते. तापविल्यावर लिग्निनचा मोठा भाग कोळशाच्या रूपाने मागे राहतो. हे लिग्निन फोडण्याचे सामर्थ्य ‘पांढरी कूज’ घडविणाऱ्या बुरशींत आहे. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम ही त्यांपैकी एक. लिग्निन पेरॉक्सिडेज हे तिचे विकर 1983 मध्ये उजेडात आले. ओलसर भुशावर अशी बुरशी काही आठवडे वाढविली की बांधणी सैल होते. पुढे तापविताना विघटन सुलभ होऊ शकते आणि तेलातील शर्कराजन्य व फिनॉलयुक्त घटकांचे परस्पर प्रमाण बदलते.

बुरशीची निवड येथे निर्णायक ठरते. ‘तपकिरी कूज’ घडविणारी बुरशी शर्करा खाऊन लिग्निन मागे ठेवते. पांढऱ्या कुजीलाही मर्यादेपलीकडे वेळ दिला, तर शर्करा घटतात आणि भुशाचे वजनच कमी होते.

म्हणून उत्पादनाची टक्केवारी कशावर काढली, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी आवर्जून विचारावा. 100 किलो भुशातले 20 किलो बुरशीने संपविले आणि उरलेल्या 80 किलोंपासून 60 टक्के तेल निघाले, तर हाती 48 किलोच येते. प्रक्रियेविना त्याच 100 किलोंपासून 55 किलो मिळत असेल, तर वाढलेली टक्केवारी फसवी ठरते. तेलाचा दर्जा ही तूट भरून काढतो का, हेही तपासावे लागते. कोणतेही विधान पारखूनच स्वीकारावे, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण प्रयोगशाळेतही तितकीच लागू आहे.