जुन्या गाडीचं मिसिंग जात नाही? पार्ट बदलण्याआधी तपासणी विका

दीड-पावणेदोन लाख किलोमीटर चाललेली गाडी, इंजिन मिसिंग मारतंय, आणि तीन ठिकाणी दाखवूनही फरक नाही. असं गिऱ्हाईक महिन्यातून एकदा तरी तुमच्या दारात उभं राहतं. या जॉबमध्ये गॅरेजचं नाव होतं, नाहीतर जातं. व्हिडिओत आपण गेज लावून दाखवलं. इथे पूर्ण क्रम लिहून देतोय. नवीन पोरगा कामाला लागला की त्याच्या हातात हेच द्या.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल किंवा गॅस नीट पेटत नाही. पेटायला चार गोष्टी लागतात: ठिणगी, इंधन, हवा आणि कॉम्प्रेशन. आयडलिंगला ८०० आरपीएम असेल तर प्रत्येक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा पेटला पाहिजे. त्यातले थोडे जरी चुकले तरी स्टिअरिंगला हादरे जाणवतात.

आता आपल्याकडे होतं काय? गाडी आली की पहिले प्लग बदलतात. गाडी चार दिवस बरी चालते. मग परत तेच. मग कॉइल. मग इंजेक्टर क्लीनिंग. चार दिवस बरी का चालते? कारण नव्या प्लगची ठिणगी स्वच्छ आणि जोरदार असते, त्यामुळे कमजोर सिलिंडरही थोडे दिवस निभावून नेतो. रोग आत तसाच असतो. गिऱ्हाईकाला वाटतं पार्ट डुप्लिकेट लावला. तुम्हाला वाटतं गाडीच खराब. खरं म्हणजे तपासलंच कोणी नाही.

पायरी १: बॉनेट उघडण्याआधी पाच प्रश्न

हे प्रश्न जॉब कार्डवर छापूनच घ्या.

१. मिसिंग थंड गाडीला होतं की गरम झाल्यावर?
२. उभ्या गाडीला होतं की चढावर, लोडवर?
३. पेट्रोलवर, सीएनजीवर की दोन्हीवर?
४. पावसात किंवा गाडी धुतल्यावर वाढतं का?
५. हे सुरू होण्याआधी गाडीचं कुठलं काम झालं होतं?

तिसरा प्रश्न सोन्यासारखा आहे. फक्त पेट्रोलवर मिसिंग असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर, पंप, फिल्टर बघायचे. फक्त सीएनजीवर असेल तर रिड्यूसर, गॅसचा फिल्टर, गॅसचे इंजेक्टर बघायचे. पण थांबा, प्लग-कॉइलही सोडायचे नाहीत. सीएनजीला ठिणगीसाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे कमजोर कॉइल किंवा गॅप वाढलेला प्लग आधी सीएनजीवर उघडा पडतो. आणि दोन्हीवर सारखंच मिसिंग असेल तर इंधनावरचा संशय कमी करा. ठिणगी, हवेची गळती आणि कॉम्प्रेशन यांच्याकडे वळा.

पावसात वाढत असेल तर वायरिंग, कॉइलचं रबर, कनेक्टर. एखाद्या कामानंतर सुरू झालं असेल तर आधी तेच काम पुन्हा तपासा.

पायरी २: स्कॅनर लावा, पण कोड पुसू नका

पी०३०० म्हणजे मिसिंग कुठल्याही सिलिंडरमध्ये होतंय. पी०३०१, पी०३०२, पी०३०३ म्हणजे अनुक्रमे पहिला, दुसरा, तिसरा सिलिंडर. ईसीएमला हे कळतं कसं? क्रँक सेन्सरवरून. सिलिंडर पेटला की क्रँकला धक्का मिळतो. धक्का चुकला की क्रँक क्षणभर मंदावतो, ते तो मोजतो. म्हणजे कोड फक्त 'या सिलिंडरमध्ये धक्का कमी आहे' एवढंच सांगतो. 'कॉइल बदला' असं कुठलाही कोड सांगत नाही. ही ओळ पाठ करा.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. कोड आला तेव्हा आरपीएम किती, इंजिन किती गरम, लोड किती, हे सगळं त्यात असतं. तुम्हाला टेस्ट त्याच परिस्थितीत करायची आहे.

मग फ्युएल ट्रिम बघा. आयडलिंगला ट्रिम प्लस १० च्या वर आणि २,५०० आरपीएमला नेल्यावर शून्याजवळ येत असेल, तर कुठूनतरी जास्तीची हवा आत येतेय. मॅनिफोल्डचं पॅकिंग, पीसीव्हीचा फुटका पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप तपासा. उलट आयडलिंगला ठीक आणि लोडवर ट्रिम वाढत जात असेल, तर इंधन कमी पडतंय. पंपाचं प्रेशर मोजा, फिल्टर बघा.

आणि चेक इंजिनची लाइट सतत न पेटता लुकलुकत असेल, तर गिऱ्हाईकाला गाडी चालवू नका म्हणून स्पष्ट सांगा. न पेटलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, कन्व्हर्टर अति तापतो आणि आतून वितळू शकतो. मग दुरुस्तीत आणखी एक महाग पार्ट वाढतो.

पायरी ३: एक रुपया न लावता अदलाबदल

समजा तीन सिलिंडरची गाडी आहे, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल आहे आणि कोड पी०३०२ आहे. दुसऱ्याची कॉइल पहिल्यावर लावा, पहिल्याची दुसऱ्यावर. दुसऱ्याचा प्लग तिसऱ्यात लावा, तिसऱ्याचा दुसऱ्यात. कोड पुसा. फ्रीझ फ्रेममध्ये होती त्याच परिस्थितीत गाडी चालवा.

- कोड पहिल्या सिलिंडरचा आला: कॉइल खराब.
- तिसऱ्याचा आला: प्लग खराब.
- दुसऱ्याचाच राहिला: दोन्ही निर्दोष. आता इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन.

एकाच फेरीत दोन पार्टचा निकाल लागतो, आणि दुकानातून काहीही आणावं लागत नाही.

प्लग काढताना डोळे उघडे ठेवा. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलंय? टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय. नवी कॉइल टाकली तरी तिचं रबर त्याच ऑइलमध्ये फुगणार. प्लगच्या टोकाला ओला काळा ऑइलचा थर? रिंग किंवा वॉल्व्ह सीलवर संशय. पांढऱ्या चिनीमातीवर काळी बारीक रेघ? तिथून करंट बाहेर उडतोय. प्लग आणि कॉइलचं रबर दोन्ही बदला.

पायरी ४: प्लग काढलेच आहेत, तर गेज लावा

इथे बहुतेक गॅरेज थांबतात, आणि जास्त चाललेल्या गाडीचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं. कॉम्प्रेशन टेस्टचे नियम:

- इंजिन गरम हवं. पण हेड ॲल्युमिनियमचं असतं, कडक तापलेल्या हेडमधून प्लग ओढू नका, चुडी जाते. थोडं निवू द्या.
- सगळे प्लग बाहेर. कॉइलचे आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढा. सीएनजीचा व्हॉल्व्ह बंद.
- ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा. बॅटरी चांगली हवी.
- प्रत्येक सिलिंडरला तेवढेच, पाच-सहा झटके द्या. आकडा लिहा.

आकडा कंपनीच्या मॅन्युअलशी ताडून बघा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिलिंडर एकमेकांशी ताडून बघा. सर्वात कमी आकडा सर्वात जास्तीच्या ७५ टक्क्यांखाली असेल तर तो सिलिंडर नापास.

नापास झाला की त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगला वर चढला तर रिंग घासल्यात. चढला नाही तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर मधलं गॅस्केट. कॉम्प्रेसर असेल तर सिलिंडरमध्ये हवा भरून कान लावा: सायलेन्सरमधून फुसफुस म्हणजे एक्झॉस्ट वॉल्व्ह, थ्रॉटलमधून म्हणजे इनटेक वॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून म्हणजे रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे गॅस्केट. एवढी साधी भाषा आहे इंजिनची.

एक केस बघू

शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या एका काकांची गाडी आमच्याकडे आली होती. २०१४ ची, तीन सिलिंडर, पेट्रोल-सीएनजी, १ लाख ७० हजार किलोमीटर. वीस मिनिटं चालली की सिग्नलला हादरे, कधीकधी बंद. तीन महिन्यांत प्लग, तिन्ही कॉइल, इंजेक्टर क्लीनिंग होऊन ११ हजार गेलेले. 'कॉम्प्रेशन ठीक आहे' असंही त्यांना सांगण्यात आलं होतं. गाडीत रोज पोरं बसतात, रस्त्यात बंद पडली तर काय, ही त्यांची खरी काळजी.

कोड पी०३०२. दोन्ही इंधनांवर मिसिंग. अदलाबदलीनंतरही कोड जागचा हलला नाही. थंड इंजिनवर गेज लावलं: १२.४, ११.२, १२.२ बार. पास. हाच आकडा आधी कोणीतरी बघितला असणार. पण तक्रार गरम गाडीची होती ना? मग गाडी फिरवून आणून पुन्हा लावलं: १२.६, ८.७, १२.३. दुसरा सिलिंडर ६९ टक्के. ऑइल टाकून ९.०. म्हणजे रिंग नाही. हवा भरली, आवाज सायलेन्सरमधून. एक्झॉस्ट वॉल्व्ह.

असं का होतं? सीएनजी कोरडा असतो, द्रव इंधनासारखा वॉल्व्हच्या सीटला गारवा देत नाही. सीट हळूहळू घासते, वॉल्व्ह आत बसत जातो आणि टॅपेटची फट कमी होते. आपोआप फट सांभाळणारे हायड्रॉलिक टॅपेट नसतील तर एक दिवस ती जवळपास संपते. थंड असताना वॉल्व्ह कसाबसा बंद होतो. गरम झाला की लांबतो, पूर्ण मिटत नाही, आणि कॉम्प्रेशन निसटतं. यात कॉइल काय करणार? म्हणून सीएनजी गाडीची टॅपेट फट मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या अंतराने मोजा, आणि हे काम सर्व्हिसच्या यादीत वेगळं लिहून विका.

काकांपुढे दोन पर्याय ठेवले. एक, फक्त टॅपेट बदलून फट बरोबर करायची: खर्च कमी, पण वॉल्व्हची कड जळाली असेल तर गॅरंटी नाही. दोन, हेड उतरवून सीट कटिंग, वॉल्व्हचं काम, नवीन पॅकिंग: खर्च जास्त, काम पक्कं. गाडी पोटावर होती, दिवाळीची सुट्टी समोर होती. त्यांनी दुसरा निवडला. निर्णय त्यांचा होता, आकडे आमचे होते.

आता धंद्याचं बोलू

'नुसतं बघायचे पण पैसे?' हा प्रश्न येणारच. उत्तर शांतपणे द्या: 'साहेब, डॉक्टर रक्त तपासल्याशिवाय ऑपरेशन करतो का? आणि तपासणीचे पैसे वेगळे घेतोच ना?' आमच्याकडे मिसिंगच्या पूर्ण तपासणीचे ८०० रुपये आहेत. तुमच्या गावात ५०० असतील. आकडा तुमचा, पण शून्य ठेवू नका.

कारण सांगतो. तपासणी फुकट ठेवली की तिचा दीड-दोन तासांचा खर्च तुम्हाला पार्टच्या मार्जिनमधून काढावा लागतो. मग हात आपोआप पार्टकडे जातो. नियत वाईट नसते, हिशेबच तसा मांडलेला असतो. ज्या कामाचे पैसे मिळतात तेच काम माणूस मन लावून करतो. तपासणीचे पैसे घ्या, म्हणजे 'कॉइल चांगली आहे, बदलू नका' असं बोलणं तुम्हाला परवडेल. आणि हे एक वाक्य ऐकलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही.

तीन सवयी आजपासून लावा:

१. तपासणीचे पैसे आणि वेळ गाडी आत घेण्याआधी सांगा, जॉब कार्डवर सही घ्या.
२. गेजचा आणि स्कॅनरचा फोटो गिऱ्हाईकाला व्हॉट्सॲप करा. तुमच्या शब्दापेक्षा त्या फोटोवर त्याचा विश्वास लवकर बसतो.
३. मोठं काम निघालं तर आधी गाडीची आजची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च शेजारी-शेजारी लिहून द्या. कधीकधी 'यात पैसे घालू नका' हाच योग्य सल्ला असतो. ८०० रुपयांत तुम्ही त्याचे हजारो वाचवलेत, हे तो चार लोकांना सांगतो.

कॉम्प्रेशन गेज हे गॅरेजमधल्या स्वस्त हत्यारांपैकी एक आहे. स्कॅनरवर हजारो रुपये घालणाऱ्या पुष्कळ गॅरेजमध्ये ते नसतं. तुमच्याकडे नसेल तर पुढचा प्लगचा बॉक्स आणायच्या आधी ते आणा. टॅपेटची फट मोजायचं प्रात्यक्षिक पुढच्या व्हिडिओत, फीलर गेज हातात घेऊन बसा.

भेटू लवकरच.