चित्त्याला वेग हवा होता म्हणून?

चित्ता ताशी ६० मैलांहून अधिक वेगाने धावतो. त्याचे पूर्वज ताशी २० मैलच धावत असतील, तर हा वेग आला कोठून? अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठातील विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारला गेला. बेथ बिशप आणि चार्ल्स अँडरसन यांचा तो अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला.

अनेकांचे उत्तर असे की, भक्ष्य पकडण्यासाठी चित्त्याला वेगाची गरज भासली, म्हणून तो वेगवान झाला. गुहेतील अंध सॅलमँडरविषयीही तोच तर्क : अंधारात डोळ्यांचा उपयोग उरला नाही, म्हणून दृष्टी गेली. हे विद्यार्थी जीवशास्त्राचे विशेष अभ्यासक नव्हते. तरी बहुतेकांनी तो विषय पूर्वी शिकलेला होता. अधिक चकित करणारी बाब म्हणजे, उत्क्रांती मान्य असलेल्यांनाही ती घडते कशी हे इतरांहून अधिक उमगलेले नव्हते.

गोंधळाचे एक मूळ भाषेत आहे. परदेशी आलेला माणूस तेथील थंडीशी 'जुळवून घेतो', ते स्वतःच्या आयुष्यात आणि जाणीवपूर्वक. नैसर्गिक निवडीत असे कोणी काही घेत नाही. समूहात भेद आधीपासूनच असतात. काहींची संतती अधिक जगते, आणि पिढ्यांगणिक समूहातील प्रमाण पालटते. 'बळी तो कान पिळी' हा तर तिचा अर्थ मुळीच नव्हे.

भेद गरजेपूर्वीच उद्भवतात, याचा देखणा पुरावा साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये दिला. अनेक नळ्यांत वेगवेगळे वाढवलेले जीवाणू त्यांनी विषाणूच्या संपर्कात आणले. विषाणूमुळेच प्रतिकारशक्ती निर्माण होत असती, तर प्रत्येक नळीत तग धरणाऱ्यांची संख्या साधारण सारखी भरली असती. प्रत्यक्षात काही नळ्यांत जवळजवळ कोणीच वाचले नाही, तर एखाद्या नळीत वाचलेल्यांची रीघ लागली. तेथे उत्परिवर्तन विषाणू येण्याआधीच, योगायोगाने घडून वाढलेले होते.

'शरीराला अँटिबायोटिकची सवय झाली' हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य याच गैरसमजाचे अपत्य. बदलतो तो जीवाणूंचा समूह, शरीर नव्हे. आणि तोही सवयीने नव्हे. भारतातून आणलेल्या औषधांच्या डब्यातील उरलेली गोळी साध्या सर्दीवर घेतली, तर सर्दीच्या विषाणूवर तिचा काहीच परिणाम होत नाही. आतड्यात निरुपद्रवीपणे नांदणाऱ्या जीवाणूंमध्ये मात्र निवड सुरू होते.