‘काल भजनाक इलस नाय, बरो आसस मां?’ मनाला सावरणारी भजनाची बारी

चतुर्थी आली की मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या वाड्या रात्रभर जाग्या असतात. एका घरचं भजन आटोपलं की मंडळी पेटी, पखवाज, झांजा उचलून पुढच्या घरी निघतात. मुंबईहून आलेला चाकरमानी आणि गावात राहिलेला त्याचा भाऊ एकाच चटईवर बसतात. ही भक्ती आहे, करमणूकही आहे. पण या बैठकीत मनाचीही मशागत होते. ती कशी, ते समजून घेऊ.

गाताना नेमकं काय होतं?

अभंगाची ओळ लांबवताना श्वास पटकन आत घेतला जातो आणि सावकाश सोडला जातो. असा लांब उच्छ्वास हृदयाची गती शांत करतो. एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एकाच वेळी वाढतात आणि कमी होतात, असं स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांना २०१३ मध्ये दिसलं.

२०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी गायन, हस्तकला आणि लेखनाच्या वर्गांची तुलना केली. गाणाऱ्यांची आपसांत सर्वांत लवकर गट्टी जमली. सात महिन्यांनी बाकीचे वर्गही त्यांच्या बरोबरीला आले. म्हणजे गाणं अवघडलेपण लवकर घालवतं. वर्षाने भेटणाऱ्या भावांना हेच तर हवं असतं.

ओळखीचा आधार कसा मिळतो?

किनाऱ्यावरच्या कमाईचा भरवसा नसतो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळाने होड्या, बागा, घरांची छपरं यांचं मोठं नुकसान केलं. आपली सगळी ओळख एकाच कामात असेल, तर काम थांबताच माणूस खचतो. पण होडी फुटली तरी ‘आमच्या वाडीचो पखवाजी’ ही ओळख शाबूत राहते.

डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाला दुसरा उत्तर देतो. गर्दी बुवांसाठी जमते. पण पखवाज, झांज आणि मागून साथ करणारे नसतील, तर बारी उभीच राहत नाही. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, ही जाणीव वाईट दिवसांत माणसाला धरून ठेवते. बायकांना हाच आधार फुगडीतून आणि महिला भजनी मंडळांतून मिळतो.

मग उपचारांची गरज नाही?

आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. आजार टाळायला आणि उपचारांना जोड म्हणून कला उपयोगी पडते, असं त्यात दिसलं. पण जोड म्हणजे पर्याय नव्हे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, नैराश्य-चिंतेसारख्या नेहमीच्या मानसिक आजारांत सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत.

इथे भजनी मंडळ मोठं काम करू शकतं. एकही बैठक न चुकवणारा माणूस अचानक दिसेनासा झाला, तर ते डॉक्टरच्या आधी मंडळाला कळतं. मग घरी जाऊन विचारायचं, ‘काल भजनाक इलस नाय, बरो आसस मां?’

कधी सावध व्हायचं?

• दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल
• झोप किंवा भूक बिघडली असेल
• दारू वाढली असेल
• ‘जगान काय करू?’ असं बोलणं कानावर आलं, तर एक दिवसही थांबू नका

अशा वेळी ‘भजनाक बस, बरो होशीत’ एवढ्यावर सोडू नका. सरकारी टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. गरज पडल्यास सोबत रुग्णालयात जा.

आणि त्याला गावंसं वाटत नसेल, तर आग्रह नको. नुसतं ऐकायला येऊ दे. चटईवरची त्याची जागा मात्र राखून ठेवा.