अप्पर व्होल्टा: संपांनी हलवलेली चोवीस वर्षं

अप्पर व्होल्टा नावाचा देश आता नकाशावर सापडत नाही. ५ ऑगस्ट १९६० रोजी तो फ्रान्सपासून स्वतंत्र झाला आणि ४ ऑगस्ट १९८४ रोजी त्याने हे नाव टाकलं. मधल्या चोवीस वर्षांचा इतिहास लष्करी उठावांची जंत्री म्हणून सांगितला जातो. मला तो अन्याय वाटतो. बंदुका होत्याच, पण त्याआधी सरकारं खिळखिळी केली ती संपकऱ्यांनी.

फ्रेंचांनी ही वसाहत १९१९मध्ये आखली, १९३२मध्ये मोडून शेजाऱ्यांत वाटली आणि १९४७मध्ये पुन्हा उभी केली. मोठा लचका आयव्हरी कोस्टला मिळाला होता. तिथल्या मळ्यांना मजूर हवे होते. समुद्रकिनारा नाही, जमीन कोरडी आणि नाव तेही नदीवरून पडलेलं.

पहिले अध्यक्ष मॉरिस यामेओगो यांनी विरोधी पक्ष मोडीत काढले. १९६५ संपता संपता तिजोरीत खडखडाट झाला, तेव्हा सरकारी नोकरांच्या पगाराला २० टक्के कात्री लावायचं ठरलं. त्याच वर्षी त्यांनी दुसरं लग्न थाटात केलं होतं, ते लोक विसरले नव्हते. ३ जानेवारी १९६६ला संघटनांनी संप पुकारला. वागाडुगूत अध्यक्षांच्या प्रासादासमोर गर्दी जमली आणि सत्ता लष्कराने घ्यावी, अशी मागणी खुद्द गर्दीनेच केली. रक्त न सांडता यामेओगो पायउतार झाले.

लष्कर आलं ते पाहुणा म्हणून राहिलं नाही. सांगुले लामिझाना यांनी जवळजवळ पंधरा वर्षं राज्य केलं. त्यांचे अर्थमंत्री मार्क गारांगो यांनी खर्च इतका आवळला की लोकांनी त्या काटकसरीला त्यांच्याच नावावरून ‘गारांगोझ’ असा शब्द पाडला. पगारासाठी रस्त्यावर उतरलेल्यांच्याच पदरी हे आलं! तरी संघटना दबल्या नाहीत. १९७५मध्ये लामिझानांनी एकपक्षीय राजवटीचा घाट घातला, तेव्हा डिसेंबरातल्या सार्वत्रिक संपाने तो हाणून पाडला. १९७८मध्ये तर सत्तेवरच्या या सेनापतीला निवडून येण्यासाठी दुसऱ्या फेरीपर्यंत झुंजावं लागलं. त्या काळच्या आफ्रिकेत हे दुर्मीळ होतं.

१९८०च्या शिक्षकांच्या प्रदीर्घ संपानंतर साये झेर्बो यांनी लामिझानांना हटवलं आणि पुढे संपाचा हक्कच गोठवला. दोन वर्षांत तेही गेले. ४ ऑगस्ट १९८३ला तेहतीस वर्षांचे कॅप्टन थॉमस सांकारा सत्तेवर आले. मंत्री असताना बैठकीला सायकलवरून जाणारा हा माणूस स्वच्छ होता, त्याची तळमळही खरी होती. पण मार्च १९८४मध्ये शिक्षकांनी संप केला, तेव्हा त्यांच्या सरकारने हजारावर शिक्षकांना घरी बसवलं. सांकारांविषयी आदर बाळगूनही ही मोठी चूक होती, असंच म्हणावं लागतं. यामेओगोंना जे साधलं नव्हतं, ते एका क्रांतिकारकाने करून दाखवलं.

त्याच वर्षी देशाचं बारसं झालं: बुर्किना फासो. मोरे भाषेतली सचोटी आणि ज्यूला भाषेतलं बापाचं घर, असं ते जोडनाव. ध्वज बदलला, राष्ट्रगीत बदललं, पुढे व्होल्टा नद्यांनाही स्थानिक नावं मिळाली. दिनदर्शिकेत मात्र जुन्या प्रजासत्ताकाचा एक दिवस राहिला. ३ जानेवारी ही त्या संपाच्या स्मरणार्थ नंतरही कित्येक वर्षं राष्ट्रीय सुट्टी होती.