स्कोप्येचं पत्र : ‘सोपं’ नावाचा ताल

इथल्या सात मात्रांच्या एका नाचाचं नाव आहे ‘लेस्नोतो’. ‘लेस्नो’ म्हणजे सोपं. लग्नात आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे हात धरून, रांग करून तो नाचतात. मात्रा कोणी मोजत नाही. ‘तपान’ हा दोन तोंडांचा ढोल एकीकडे जाड दांड्याने, दुसरीकडे बारीक काटकीने वाजतो. विभागणी आपल्या रूपकाचीच : तीन-दोन-दोन. मात्र रूपकात समेवरच खाली येते, इथे नेमका तिथे तपानचा दणका बसतो.

हे आधी सांगितलं ते व्लात्को स्तेफानोव्स्कीसाठी. हा गिटारवादक १९५७ साली प्रिलेपमध्ये जन्मला. १९७६ साली स्कोप्येत ‘लेब इ सोल’ हा बँड निघाला, त्यातून त्याचं नाव युगोस्लाव्हियाभर झालं. बँडच्या नावाचा अर्थ पाव आणि मीठ, म्हणजे पाहुण्याच्या स्वागताला दारात धरतात ते. पुढे त्याने गिटार, बास आणि ड्रम्स एवढ्यावर स्वतःचं त्रिकूट उभं केलं.

बाहेरच्या देशांत या वादनाचं कौतुक होतं ते बहुधा बोटांच्या वेगाचं आणि ‘अवघड’ तालांचं. डेव्ह ब्रूबेकने इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकलेला नऊ मात्रांचा ताल १९५९ साली आपल्या ‘टाइम आउट’मध्ये आणला. तेव्हापासून असा ताल जॅझच्या श्रोत्याला कसरत वाटत आला आहे. मला हे कौतुक उथळ वाटतं. ज्या तालाला लोक ‘सोपा’ म्हणतात त्यात कसली कसरत? कस लागतो तो दुसरीकडे. त्रिकुटात पियानो नाही. गिटार धून वाजवू लागली की खालचे स्वरमेळ सुटतात आणि मधली जागा रिकामी पडते. स्तेफानोव्स्की ती भरायला धावत नाही. लांब स्वर तो गाणाऱ्या बाईसारखा वाकवतो, जवळजवळ मींडच, आणि बास खाली एकच सूर धरून राहतो.

समीक्षक या संगीताला ‘बाल्कन’ म्हणून मोकळे होतात, त्यामागे इथलं दुखणं आहे. बेला बार्तोकने १९३८ साली अशा तालांवर लिहिलं ते ‘बल्गेरियन’ या नावाने, आणि ते नाव जगभर रुजलं. ग्रीसशी वाद मिटवायला या देशाने २०१९ साली आपलं नाव बदलून ‘उत्तर मॅसिडोनिया’ केलं. पुढच्याच वर्षी भाषा आणि इतिहासाच्या वादावरून बल्गेरियाने त्याची युरोपीय संघाची वाट अडवली. ‘योव्हानो, योव्हांके’ हे सात मात्रांचंच गाणं दोन्ही देश आपलं म्हणतात. ‘बाल्कन’ शब्दाने कोणी दुखावत नाही. पण कोणत्या गावचं, कोणाच्या गळ्यातलं गाणं, तेही त्यात हरवतं.

मला कोणी विचारलं, तर मी त्रिकुटाच्या आधी ‘क्रुशेव्हो’ ऐकायला सांगेन. १९९८ सालच्या या ध्वनिमुद्रिकेत स्तेफानोव्स्की आणि मिरोस्लाव तादिच यांच्या फक्त दोन गिटारी आहेत, ड्रम्स नाहीत. तरी पाय हलतो. आणि गाणारीने जिथे श्वास घेतला असता, तिथे दोघंही थांबतात.