नळीत उशीर, मेंदूत गुठळी

घाटी रुग्णालयात पक्षाघाताचा रुग्ण आला की आधी रक्तदाब, साखर, तंबाखूची चौकशी होते. पण रुग्ण पस्तिशीची बाई असेल आणि पूर्वी तिचे दोन-तीनदा गर्भपात झाले असतील, तर संशय अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोमकडे वळायला हवा. लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी १९८३ मध्ये हा विकार जगापुढे मांडला.

यात शरीर स्वतःच्याच, पेशीपटलातील मेदाला चिकटणाऱ्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. त्यांनी प्लेटलेट्स आणि रक्तवाहिन्यांचे अस्तर चेतवले की गुठळी होते. गंमत अशी, की प्रयोगशाळेच्या नळीत हेच रक्त गोठायला उशीर लावते! सिफिलिसची व्हीडीआरएल चाचणीही कधी उगाच पॉझिटिव्ह येते, कारण तिच्यात कार्डिओलिपिन हा असाच मेद वापरतात. किती संसारांत त्यामुळे नसता संशय शिरला असेल!

काही घरांत ही प्रतिपिंडे आई-मुलीत, बहिणी-बहिणींत सापडतात. बहुतेकदा मात्र एकट्यालाच. म्हणून धडधाकट भावंडांच्या सरसकट तपासण्या मला पटत नाहीत. संसर्गानंतरही प्रतिपिंडे तात्पुरती वाढतात, त्यामुळे किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासतात. गुठळी होऊन गेलेल्यांना बहुधा वॉरफरिन हे गुठळीरोधक औषध दीर्घकाळ घ्यावे लागते, आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचे माप) साधारण २ ते ३ राखून. पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वाने या औषधाचा परिणाम घटतो, तरी मेथी-पालक बंद नको, फक्त प्रमाण रोज सारखे ठेवा.